काठमांडूच्या बालगृहात एक दिवस द्यायचा असेल, तर तो कुणाला द्यावा

प्रश्न असा आहे: चौघांचा गट नेपाळला फिरायला निघाला आहे. एक दिवस काठमांडूच्या एखाद्या अनाथाश्रमात मुलांसोबत घालवायचा आहे. सोबत काय न्यावे, दिवसभर काय करावे, मुलांना काय आवडते?

प्रश्न मनापासून विचारला आहे, म्हणून उत्तरही स्पष्ट देतो. एका दिवसासाठी जाणाऱ्याने मुलांशी खेळायला, त्यांना कडेवर घ्यायला किंवा शिकवायला जाऊ नये. तो दिवस बालगृहातल्या मोठ्या माणसांना द्यावा. स्वयंपाक करणारी दिदी (ताई), रात्री मुलांजवळ झोपणारी आमा (आई), हिशेब आणि कागद सांभाळणारे दाजू (दादा) ही माणसे उद्याही तिथेच असणार आहेत. त्यांच्या डोक्यावरचे एखादे काम उतरले, तर मुलांना त्यांचा वेळ जास्त मिळतो. पाहुण्याने मुलांना थेट वेळ दिला, तर तो संध्याकाळी सहाला संपतो.

आधी एक गोष्ट समजून घ्या. ‘अनाथाश्रम’ हा शब्दच इथे दिशाभूल करतो. युनिसेफच्या अंदाजानुसार नेपाळच्या बालगृहांतल्या सुमारे ८५ टक्के मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण तरी, हयात आहेत. मग ही मुले तिथे आली कशी? १९९६ ते २००६ या यादवीच्या काळात हुम्लासारख्या दुर्गम डोंगरी जिल्ह्यांत दलाल फिरत. ‘मुलाला काठमांडूत शिकवतो, माओवाद्यांच्या भरतीतून वाचवतो’ असे सांगून ते आईबापांकडून पैसे घेत आणि मुलांना शहरात आणून सोडत. कागदावर मूल अनाथ दाखवले जाई. परदेशी पाहुणे आणि त्यांच्या देणग्या येत गेल्या, तसा हा धंदा टिकला. आजही नेपाळच्या ७७ जिल्ह्यांपैकी बहुसंख्य बालगृहे काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या पाचच जिल्ह्यांत आहेत. कास्कीत पोखरा आहे आणि चितवनात राष्ट्रीय उद्यान. म्हणजे पर्यटक जिथे जातात तिथेच बालगृहे आहेत. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर सरकारला निर्बंध घालावे लागले, ते याच भीतीने. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी या व्यापाराची दखल घेतली. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही बालगृहांतल्या पर्यटकी स्वयंसेवेबद्दल ठरावात चिंता नोंदवली.

तेव्हा पहिले काम घरी बसूनच करायचे: संस्था नीट निवडणे. नेपाळच्या ‘बालबालिकासंबंधी ऐन २०७५’ या कायद्यानुसार (आपले २०१८) बालगृह हा शेवटचा पर्याय आहे. आधी नातेवाईक, मग मूल सांभाळायला तयार असलेले कुटुंब, मग कुटुंबासारखी सोय करणारी संस्था आणि हे काहीच जमले नाही तर बालगृह. आपल्याकडे महाराष्ट्रात बाल संगोपन योजनेतून मुलाला कुटुंबातच ठेवून मदत दिली जाते, त्यामागचा विचार हाच आहे. संस्थेला फोनवर किंवा पत्राने पुढचे प्रश्न विचारा. गेल्या वर्षात किती मुले घरी परत गेली? किती मुलांचा घरच्यांशी फोन होतो, किती मुले दशैंला (नेपाळच्या दसऱ्याला) घरी जातात? प्रत्येक मुलाची वेगळी फाईल आहे का, त्यात जन्मदर्ता (जन्मनोंदणी) आणि पालिकेचे शिफारसपत्र आहे का? रात्री मुलांजवळ कोण झोपते, किती वर्षे तीच व्यक्ती आहे? चांगली संस्था या प्रश्नांनी चिडत नाही. उलट तुमचीच उलटतपासणी करते. ओळखपत्र मागते, पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागते, बालसंरक्षण नियमांवर सही घेते. (हे प्रमाणपत्र आपल्याकडे ऑनलाइन अर्ज करून मिळते, पण वेळ लागतो. निघण्याच्या महिनाभर आधी अर्ज करा.)

‘केव्हाही या, मुले नाच करून दाखवतील’ असे उत्तर आले, तर तिथे जाऊ नका. शाळेच्या दिवशी मुलांना पाहुण्यांसाठी घरी ठेवतात, रोख देणगी मागतात, मुक्कामालाही राहा म्हणतात, अशा ठिकाणीही नको. एखाद्या मुलाला मारहाण होते किंवा कोंडून ठेवतात अशी शंका आली, तर नेपाळची बाल हेल्पलाइन १०९८ आहे. आपल्याकडचाच आकडा असल्याने लक्षात राहील. तिथल्या तिथे भांडण काढू नका. पाहुणा निघून गेल्यावर त्याचा राग मुलावर निघतो.

भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही. इतर परदेशी नागरिकांना पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामही करता येत नाही. आपल्याला ती अडचण येत नाही, याचा अर्थ सरळ दार ढकलून आत शिरायचे असा नव्हे. दिवस, वेळ, येणाऱ्यांची नावे आणि करायचे काम संस्थेने लेखी कळवलेले असावे. चौघांपैकी दोघेच जा. चार अनोळखी माणसे एकाच दिवशी घरात आली की घराची घडी विस्कटते.

आता दिवस. शनिवार टाळा. तो नेपाळमधला सुट्टीचा वार, मुले दिवसभर घरी असतात आणि तुम्ही आपोआप त्यांच्या गराड्यात सापडता. आडवार निवडा. घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे करा. सकाळची घाई नेमक्या मिनिटांवर चालते.

सकाळी साडेसहाला पोचा. मुलांचे मुख्य जेवण शाळेआधी होते. साधारण नऊच्या सुमारास दाल-भात-तरकारी, कारण शाळा दहाची. चोवीस मुलांच्या घरात एका वेळी अडीच ते तीन किलो तांदूळ, पाऊण ते एक किलो डाळ आणि तीन किलो भाजी लागते. सगळ्यात वेळखाऊ काम भाजीचे. रायोचा साग, म्हणजे मोहरीवर्गीय पालेभाजी, मातीने भरलेला असतो. तो वाहत्या नळाखाली धुतला तर पाने स्वच्छ दिसतात, पण देठांच्या खोबणीत रेती राहते आणि मुले ताट बाजूला सारतात. मोठ्या टोपात बुडवून पाने वर काढा, पाणी फेका, पुन्हा बुडवा. टोपाच्या तळाला रेती लागेनाशी होईपर्यंत असे करायचे, बहुतेक वेळा तीन पाण्यांत होते. टोप कलता करून पाणी ओतू नका, पाने हातानेच वर काढा. नाहीतर तळाची रेती पुन्हा पानांवर बसते. अंगठ्या काढून ठेवा, नखे कापलेली असू द्या. पोट बिघडलेले असेल, तर थांबल्यानंतरही दोन दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकू नका. प्रवासात पोट बिघडलेल्या पाहुण्यामुळे अख्खे घर आजारी पडू शकते.

प्यायच्या पाण्याचा हिशेब बघा. चोवीस मुले आणि तीन-चार मोठी माणसे म्हणजे दिवसाला ५०-६० लिटर, २० लिटरचे तीन जार. जारच्या नळाला सगळ्यांचे हात लागतात. तो साबणाने घासणे हे रोजचे काम आहे, पण घाईत तेच राहून जाते. ते तुम्ही करा.

वाढताना मुले जवळ येतील. काही जण पहिल्याच मिनिटाला येऊन बिलगतील, हात सोडणार नाहीत. पाहुण्याला वाटते की मूल किती प्रेमळ आहे. ज्यांना हे काम ठाऊक आहे ते काळजीत पडतात. घरात वाढलेले पाच वर्षांचे मूल अनोळखी माणसाला पाहून आधी आईच्या मागे लपते. जे मूल कुणाच्याही मांडीवर जाऊन बसते, त्याला ‘आपले माणूस’ आणि ‘परके माणूस’ यांतला फरक शिकायलाच मिळालेला नसतो. २००० साली बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ बालकांवर एक अभ्यास सुरू झाला. त्यात काही मुले पालक कुटुंबांत दिली गेली. कुटुंब मिळाल्यावर ती सुधारली, आणि दोन वर्षांच्या आत कुटुंब मिळालेल्यांत सुधारणा जास्त दिसली. मुलाला लागते ते टिकून राहणारे एक माणूस. दर आठवड्याला नवा चेहरा येऊन लाड करून जातो, तेव्हा मूल तितक्या वेळा सोडले जाते.

म्हणून मूल बिलगले तर झिडकारू नका. त्याच्या उंचीला बसा, नाव विचारा आणि त्याला त्याच्या दिदीकडे वळवा: ‘चल, दिदीला सांगू.’ उचलून घेऊ नका. एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत, न्हाणीघरात, गच्चीवर कधीही थांबू नका. संस्थेचे दुसरे मोठे माणूस नजरेच्या टप्प्यात हवेच. आईवडिलांबद्दल विचारू नका. ‘पुन्हा येईन’ म्हणू नका. फोटो काढूच नका. पाठमोरा नको, तोंड झाकून नको, आणि ‘फक्त घरच्या ग्रुपवर टाकतो’ हेही नको.

दहाला मुले शाळेत जातात आणि तुमचा खरा दिवस सुरू होतो. पुढच्या सहा तासांत दोन माणसांकडून तीन कामे नीट होतात. जास्त हावरटपणा करू नका. कोणती तीन, ते आमांना विचारा. बहुतेक ठिकाणी पुढचीच कामे निघतात.

औषधांचे कपाट. हे काम डॉक्टर, परिचारिका किंवा औषधविक्रेत्याने करावे, नाहीतर संस्थेच्या परिचारिकेसोबत बसून फक्त लिहिण्याचे काम घ्या. सगळे बाहेर काढा. मुदत संपलेले एका खोक्यात, फोडलेली डोळ्यांची औषधे (फोडून महिना झाला असेल तर) दुसऱ्यात. मग तापाची औषधे बघा, कारण खरा धोका तिथे आहे. पाहुण्यांनी वेगवेगळ्या देशांतून आणलेल्या पॅरासिटामॉलच्या बाटल्या शेजारी शेजारी उभ्या असतात: एकीत ५ मिलीत १२० मिलिग्रॅम, दुसरीत ५ मिलीत २५० मिलिग्रॅम. १६ किलोच्या मुलाला साधारण २४० मिलिग्रॅम लागते. म्हणजे पहिल्या बाटलीतले १० मिली, दुसरीतले ५ मिलीपेक्षाही किंचित कमी. रात्री दोन वाजता झोपेतून उठलेली दिदी सवयीने १० मिली देते आणि बाटली दुसरी असेल, तर डोस दुप्पट होतो. एकच ताकद ठेवावी, बाकीच्या बाटल्या परिचारिकेच्या संमतीने काढून टाकाव्यात आणि प्रत्येक मुलाचे वजन व त्यानुसार मिली असा तक्ता दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावा. भारतातून औषधे नेऊ नका असे सांगतो ते याचसाठी.

जुलाबासाठी तिथे ‘जीवन जल’ची पाकिटे मिळतात. एक पाकीट एक लिटर पाण्यात. चूक ठरलेली: अर्धे पाकीट एका पेल्यात, उरलेले घडी घालून ठेवलेले. त्याने मीठ जास्त होऊन मूल आणखी बिघडते. एक लिटरची खूण केलेली बाटली कपाटातच ठेवून द्या.

खरजेला तिथे लुतो म्हणतात आणि एकत्र झोपणाऱ्या मुलांत ती सारखी परत येते. कारण बहुधा एकच असते: खाजवणाऱ्या मुलालाच मलम लावले जाते. ५ टक्के परमेथ्रिन डॉक्टरांच्या सांगण्यावरून सगळ्यांना, मोठ्यांनाही, एकाच रात्री लागते, मानेखाली पूर्ण अंगाला, ८ ते १४ तास, आणि आठवड्याने पुन्हा. मलम दिदी-आमा लावतील. तुमचे काम दुसऱ्या दिवशीचा धुण्याचा डोंगर: चादरी, उशांचे अभ्रे, अंगातले कपडे गरम पाण्यात आणि मग कडक उन्हात. धुता न येणारी गोधडी, टोपी प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून किमान तीन दिवस. अशी तारीख ठरलेली असेल आणि त्या दिवशी तुम्ही चादरी धुतल्यात, तर यापेक्षा मोठी मदत सापडणार नाही.

गणवेशांची बटणे, उसवलेल्या शिवणी, दप्तरांच्या चेन ही तर अखंड कामे. सुईदोरा, वेगवेगळ्या मापांची पांढरी बटणे, चेनचे रनर सोबत न्या. वजन नगण्य आणि उपयोग मोठा. बूट द्यायचे असतील, तर अंदाजाने वयावरून घेऊ नका. संध्याकाळी दिदींनी मुलांना कागदावर उभे करून दोन्ही पावलांची रेघ काढावी, मोठ्या पावलाची टाच ते अंगठा लांबी मोजावी आणि त्यात एक ते दीड सेंटीमीटर मिळवावे. खरेदी काठमांडूतच करा. बूट बदलून मिळतात आणि पैसा तिथल्या दुकानात राहतो. भारतीय १०० रुपयांचे नेपाळी १६० होतात, हा दर स्थिर आहे, त्यामुळे हिशेब सोपा पडतो.

मराठी माणसाला एक सोय आहे जी युरोपातून आलेल्याला नाही: लिपी. नोंदवही, पाट्या, औषधांच्या चिठ्ठ्या तुम्हाला वाचता येतात. फक्त ओळखीचे शब्द फसवतात. ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, त्या पाटीला घाबरू नका. ‘मिठो’ म्हणजे चविष्ट, मिठाला ‘नुन’. ‘खाजा’ म्हणजे मधल्या वेळचे खाणे, आपल्या कोकणातल्या जत्रेतला नव्हे. आजाराच्या वहीतला ‘झाडापखाला’ म्हणजे जुलाब. ‘दुख्यो’ मात्र आपल्यासारखेच. आणि मुलांना ‘तँ’ म्हणू नका. मराठीतले प्रेमाचे ‘तू’ तिथे परक्याच्या तोंडी तुसडे लागते. मुलांना ‘तिमी’, मोठ्यांना ‘तपाईं’. स्वयंपाकघरातल्या दिदींनाही.

नोंदवह्या टंकायला बसलात तर तारखांकडे लक्ष द्या. जन्मतारखा विक्रम संवतात असतात. वैशाखापासून पौषाच्या मध्यापर्यंतच्या तारखेतून ५७ वजा करायचे, पुढे चैत्राअखेरपर्यंत ५६. २०७० च्या वैशाखातले मूल २०१३ चे, माघातले २०१४ चे. सरसकट ५७ वजा केल्याने मुलाचे वय कागदावर एका वर्षाने वाढते. मूळ तारीख खोडू नका, शेजारी दुसरा रकाना करा. आणि ही माहिती संस्थेच्याच संगणकावर, तुमच्या फोनमध्ये नाही.

चारनंतर मुले परततात, चिउरा (पोहे) आणि चणे असा खाजा होतो, मग अभ्यास. इथे बसायचे असेल तर दिदींच्या शेजारी, शाळेचा गृहपाठ समोर ठेवून. नवा धडा सुरू करू नका. प्रत्येक पाहुणा इंग्रजीची तीच बाराखडी आणि तेच एक गाणे शिकवून जातो, त्यामुळे सहावीतली मुलगी रंगांची नावे तिसाव्यांदा म्हणून दाखवते आणि अपूर्णांक मात्र कच्चे राहतात. संस्थेत ‘कुठपर्यंत झाले’ची वही नसेल, तर ती घालून द्या: तारीख, मुलाचे नाव, पुस्तकाचे पान, कुठे अडले. आठ ओळी पुरतात. पुढे जो बसेल तो तिथून उचलेल.

चॉकलेटे आणू नका. दात किडतात, आणि पाहुणा म्हणजे खाऊ अशी सवय लागते. एकाच मुलाला वेगळी भेट तर मुळीच नको. रात्री त्या वस्तूवरून मारामाऱ्या होतात आणि त्या आमा सोडवतात. फळे आणायची तर स्वयंपाकघरात द्या, दिदी वाढतील.

निघताना गुपचूप निघू नका आणि समारंभही नको. सकाळीच सांगितलेले असावे की सहाला जाणार, आणि सहाला जावे, झोपायच्या वेळेपर्यंत रेंगाळू नये. टीका (कपाळावरचा टिळा), माळ, निरोपाचे गाणे असा घाट कुणी घालत असेल तर नम्रपणे नको म्हणा.

पैसे द्यायचे असतील तर खात्यात आणि पावती घेऊन. कशासाठी द्यावेत, याचे माझे मत ठाम आहे. दशैं आपल्या घटस्थापनेलाच सुरू होतो. तेव्हा अख्खे काठमांडू गावाकडे निघते आणि गाड्यांची तिकिटे मिळेनाशी होतात. हुम्ल्याच्या मुलाला तर नेपालगंजपर्यंत जाऊन पुढे हुम्ल्यातल्या सिमिकोटचे विमान धरावे लागते. भाद्रपद लागताच संस्थेला विचारा की यंदा किती मुलांचे घरी जाणे फक्त भाड्यासाठी अडले आहे. सोबत जाणाऱ्या मोठ्या माणसाचे येण्या-जाण्याचे तिकीटही त्यात धरा, कारण तेच बहुतेक जण विसरतात आणि मग मुलाचे तिकीट हातात असूनही मूल बालगृहातच राहते.